गॅलरीतला काळा भुंगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत थंडी ओसरली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. खिडकीच्या ग्रिलपाशी काळाकुळकुळीत, अंगठ्याच्या पेराएवढा, निळसर पंखांचा किडा, आणि खाली प्रश्न: हे काय आहे, चावतं का, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू का? या पानावर त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच देऊन टाकतो: नका बोलवू. का ते पुढे येईलच.

हा ‘बम्बलबी’ आहे का?

नाही. खरा बम्बलबी थंड हवेतला. जगात त्याच्या सुमारे २६५ जाती आहेत, भारतात सुमारे ४८, आणि त्यांचं घर म्हणजे हिमालय आणि ईशान्येकडचे डोंगर. मुंबईत, कोकणात, सह्याद्रीत तो रानात सापडत नाही.

तुमच्या गॅलरीत येतो तो आपला भुंगा. पुस्तकी नाव सुतार माशी, शास्त्रीय नाव झायलोकोपा. हे नाव लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०२ साली दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लाकूड तोडणारा.

दोघांत फरक ओळखायचा तर पोटाकडे, म्हणजे शरीराच्या मागच्या भागाकडे बघा. बम्बलबीचं पोट वरूनही दाट केसांनी झाकलेलं असतं. भुंग्याचं पोट वरून बहुतेक उघडं, पॉलिश केल्यासारखं चकचकीत काळं. दुसरी खूण मागच्या पायांवर: बम्बलबीच्या मादीच्या पायावर परागाची टोपली असते आणि तिच्यात ओल्या परागाचा गोळा घट्ट थापलेला दिसतो. भुंग्याच्या मादीच्या पायावर टोपली नाही, नुसता दाट केसांचा ब्रश असतो आणि पराग त्यात पिठासारखा अडकलेला असतो.

राहणीही वेगळी. बम्बलबीत राणी आणि कामकरी माश्या असतात. उंदराचं सोडलेलं बीळ किंवा गवताखालची पोकळी हे त्यांचं घर, आणि वसाहत एका हंगामापुरती. भुंग्यांत राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचं पोळं नाही. एकेक मादी आपलं घर आपण कोरते.

मग ‘भुंगा’ म्हणजे नेमकं काय? नारळाच्या झाडाला लागतो तोही भुंगाच ना?

इथे मराठीत खरंच गोंधळ आहे. नारळाचा कोंब खाणारा गेंड्या भुंगा आणि खोडात शिरणारा सोंड्या भुंगा हे दोन्ही भुंगेरे, म्हणजे इंग्रजीतले बीटल, आहेत. त्यांच्या पाठीवर कडक ढालीसारखे पंख असतात आणि उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. सुतार माशीचे चारही पंख पातळ, पारदर्शक किंवा गडद, आणि कायम उघडे. ती मधमाशीच्या कुळातली आहे.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. दुकानात जाऊन ‘भुंग्याचं औषध द्या’ म्हटलं की हाती पडतं ते नारळाच्या किडीचं कीटकनाशक, आणि ते फवारलं जातं निरुपद्रवी परागवाहकावर. रात्री ट्यूबलाइटवर धडका देत पाठीवर पडणारा ‘भुंगा’ बहुतेक वेळा भुंगेराच असतो.

लाकूड पोखरणारा भुंगा कमळात अडकतो म्हणतात. खरं आहे का?

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा आपला फार जुना दृष्टान्त. त्यातला पहिला भाग निरीक्षण म्हणून अगदी अचूक आहे: आपल्या पूर्वजांना हा कीटक लाकूड कोरतो हे नीट ठाऊक होतं. मिटणाऱ्या कमळांत रात्री किडे अडकतात हेही खरं, पण ते बहुधा लहान भुंगेरे असतात. आपल्या भुंग्याची मादी संध्याकाळी स्वतःच्या बिळात परतते.

मुंबईच्या आसपास कोणत्या जाती दिसतात?

सगळ्यात आधी नजरेत भरतात त्या मोठ्या, पूर्ण काळ्या माद्या. झायलोकोपा लॅटिपेस आणि झायलोकोपा टेनुइस्कापा या दोन जाती तीन सेंटिमीटरच्या आसपास भरतात. जगातल्या मोठ्या माश्यांत त्यांची गणना होते. उन्हात पंख वळले की निळा, हिरवा, जांभळा असे रंग सरकत जातात. हा रंग रंगद्रव्याचा नाही. पंखांच्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो, म्हणून सावलीत तोच पंख नुसता काळपट दिसतो. या दोन जातींच्या माद्या फोटोवरून वेगळ्या काढणं अवघड आहे आणि कोणी ठामपणे सांगितलं तर जरा सबुरीने घ्यावं. लॅटिपेसचा नर मात्र सहज कळतो: त्याचे पुढचे पाय चपटे, रुंद असून त्यांना फिक्या केसांची लांब झालर असते. लॅटिपेस या नावाचा अर्थच रुंद पायांचा.

दुसरा गट मध्यम आकाराचा. काळं शरीर, पण छातीवर हळदीसारख्या पिवळ्या केसांची दाट शाल. या झायलोकोपा एस्टुआन्स आणि पुबेसेन्स या एकमेकींसारख्या जाती. जाणकारांचीही त्यांच्यात गल्लत होते, त्यामुळे ‘पिवळ्या छातीचा भुंगा’ एवढं म्हटलं तरी पुरे.

याखेरीज धुरकट निळसर पंखांची फेनेस्ट्राटा आणि आकाराने बरीच लहान अशी अमेथिस्टिना. ही छोटी जात बारीक वाळक्या काटक्यांत घर करते.

पूर्ण सोनेरी-पिवळा भुंगा दिसला. ही दुर्मिळ जात आहे का?

तो पिवळ्या छातीच्या भुंग्याचा नर. मादी काळी-पिवळी, नर आपादमस्तक सोनेरी, किंचित हिरवट झाक असलेला आणि मोठ्या डोळ्यांचा. नर-मादी एवढे वेगळे दिसतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या दोन जातीच वाटतात.

तो तोंडासमोर हवेत थांबतो आणि अंगावर येतो. हल्ला करतोय का?

हा नर आहे आणि त्याला नांगीच नाही. माश्यांत नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचंच बदललेलं रूप, त्यामुळे ती फक्त मादीला असते. नर फुललेल्या झाडाजवळ किंवा घरट्याजवळ हवेतली एखादी जागा धरून बसतो आणि तिथून जे काही जाईल ते मादी आहे की दुसरा नर, हे जवळ जाऊन बघतो. एक छोटा खडा त्याच्या बाजूने हवेत उडवून बघा. तो वळून खड्याचा पाठलाग करील, मग पुन्हा त्याच जागी येऊन तरंगत राहील. तुमच्या डोक्याचीही तो तशीच तपासणी करतो.

मादी चावते का? डंख झाला तर?

मादीला नांगी आहे, पण ती आपणहून मागे लागत नाही. मुठीत पकडली, कपड्यात अडकली, अनवाणी पाय पडला किंवा बिळात बोट घातलं तरच डंख होतो. मधमाशीसारखे काटे तिच्या नांगीला नसतात, त्यामुळे नांगी कातडीत राहत नाही. ओढून काढायला काही शोधू नका.

जागा साबणाने धुवा, कापडात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं लावा, बोटात डंख असेल तर अंगठी लगेच काढा. आग आणि सूज साधारण एक-दोन दिवसांत उतरते. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.

किल्ल्यांवर आणि उंच इमारतींच्या छज्जाखाली लोकांच्या मागे थव्याने लागतात त्या आग्यामाश्या. त्यांच्या बातम्या वाचून भुंग्याला घाबरायचं कारण नाही. भुंग्यांचा थवा नसतोच.

लाकूड खातो का? भोक कसं पाडतो?

खात नाही. खाणं फक्त मकरंद आणि पराग. लाकूड मादी जबड्याने कुरतडते आणि भुसा बाहेर लोटते.

तुळईच्या खालच्या बाजूला किंवा वाळक्या फांदीवर पेन्सिलीपेक्षा जाड, साधारण १ ते १.५ सेंटिमीटर व्यासाचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक दिसतं. मोठ्या जातींत ते आणखी रुंद. हे भोक एक-दोन सेंटिमीटर सरळ आत जातं आणि मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषेने पुढे सरकतं, कारण रेषेला आडवं कोरण्यापेक्षा तिच्या बाजूने कोरणं सोपं. भोकाखाली जाडसर, रव्यासारखा पिवळट भुसा पडलेला असतो आणि भिंतीवर पिवळे-तपकिरी ओघळ दिसतात. ती विष्ठा आहे. आत काम चालू असताना लाकडाला कान लावला तर करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो.

टाचणीच्या टोकाएवढी पुष्कळ छिद्रं आणि मैद्यासारखी बारीक पावडर दिसत असेल तर तो लाकूड खाणारा दुसराच किडा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. या दोन्हींची काळजी खरंच करावी, आणि त्यांचा उपाय वेगळा आहे.

बिळाच्या आत काय चालतं?

मादी बोगद्याच्या टोकाला पराग आणि मकरंद मळून एक घट्ट लाडू ठेवते. त्यावर एकच अंडं घालते. मग कुरतडलेल्या लाकडाचा चुरा लाळेत कालवून चकतीसारखी भिंत घालते आणि पुढची खोली सुरू करते. एका बोगद्यात अशा साधारण सहा ते आठ खोल्या.

अंड्याचा आकार थक्क करणारा असतो. मोठ्या जातींत ते सुमारे दीड सेंटिमीटर लांब, किंचित वाकलेलं, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखं पांढरं. कीटकांच्या जगात एवढी मोठी अंडी क्वचितच सापडतात. मधमाश्यांची राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते. ही मादी हंगामात मोजकीच घालते आणि प्रत्येकाची पूर्ण शिदोरी आधी भरून ठेवते. म्हणूनच एक मादी मारली की नुकसान मोठं होतं, आणि ते भरून यायला वेळ लागतो.

अळी लाडू संपवते, कोश होते, आणि अंड्यापासून दीड-दोन महिन्यांत प्रौढ भुंगा तयार होतो. पहिलं अंडं सगळ्यात आतल्या खोलीत असतं. मधल्या चकत्या कुरतडल्या की बोगदा एकच होतो आणि पिल्लं लगेच उडून जात नाहीत. बरेच दिवस आईसोबत तिथेच राहतात, बाहेरून आलेल्या मकरंदावर जगतात. या काळात एका भोकातून चार-पाच भुंगे बाहेर पडताना दिसले तर ‘वसाहत झाली’ म्हणून घाबरू नका. ते एकच कुटुंब आहे.

कोणत्या फुलांवर येतो आणि त्याचा उपयोग काय?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

वांग्याचं किंवा टोमॅटोचं फूल हातात घेऊन बघा. मधला पिवळा शंकू म्हणजे परागकोश. बहुतेक फुलांत परागकोश उभे चिरतात आणि पराग मोकळे होतात. वांग्यात ते फक्त टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात, मीठदाणीतून मीठ पडावं तसे. हलवल्याशिवाय पडत नाहीत. मादी शंकूला जबड्याने आणि पायांनी घट्ट धरते, पंख मिटलेले ठेवते आणि उडण्याचे स्नायू तसेच थरथरवते. तेवढ्या क्षणापुरता घूं असा आवाज एकदम उंच, तीक्ष्ण होतो आणि परागाचा पिवळा धुरळा तिच्या पोटावर उडतो. आपल्या नेहमीच्या मधमाशीला ही युक्ती जमत नाही. बहावा आणि टाकळ्याच्या फुलांतही हेच चालतं.

रुईचं नातं तर आणखी घट्ट. मारुतीच्या हारासाठी आपण जी रुई आणतो आणि जी मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला आपोआप उगवते, तिचे पराग सुटे नसतात. ते मेणचट पिशव्यांच्या जोडीत असतात आणि ती जोडी चिमट्यासारख्या बारीक पकडीला लटकलेली असते. फुलावर बसलेल्या भुंग्याचा पाय खाचेत घसरतो, चिमटा केसात अडकतो आणि पाय उपसताना जोडी बाहेर येते. पुढच्या फुलाच्या खाचेत ती बसली की काम झालं. हलक्या किड्याचा पाय त्या खाचेत अडकूनच राहतो. पाय उपसून काढायला भुंग्याएवढी ताकद लागते. रुईवरून उडालेल्या भुंग्याचे पाय जवळून बघा, पिवळट थेंबांसारख्या जोड्या लोंबताना दिसतील.

शेवगा, तूर, वाल, करंज, ताम्हण, पांगारा, ग्लिरिसिडिया, गोकर्ण, कृष्णकमळ, वाळूच्या किनाऱ्यावरची मर्यादवेल, खाडीकाठच्या खारफुटीतली जांभळी मारांडी ही त्याची आवडती मंडळी. लांब नळीच्या फुलांत तो कधी कधी बुडाशी चीर पाडून मकरंद चोरतो. तेव्हा परागीभवन होत नाही, हेही सांगायला हवं.

गॅलरीतल्या वांग्याला फुलं येतात पण फळ धरत नाही. भुंगे येत नाहीत म्हणून का?

हे एक कारण असू शकतं, विशेषतः उंच मजल्यावर. सकाळी आठ-नऊच्या सुमारास विजेवर चालणाऱ्या टूथब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. ब्रश नसेल तर देठाला बोटाने दोन टिचक्या मारा. सलग तीन दिवस करा, कारण एकेक फूल थोडेच दिवस ताजं असतं.

त्याआधी फुलाच्या मधोमध बघा. हिरवा दांडा पिवळ्या शंकूच्या बाहेर डोकावत असेल तर ते फळ धरणारं फूल. दांडा आत दडलेला, आखूड असेल तर ते फूल गळणारच, भुंगा असो वा टूथब्रश. झाड उपाशी असलं, कुंडी लहान असली किंवा एप्रिल-मेचा उकाडा असला की आखूड दांड्याची फुलं वाढतात.

पोटाजवळ पांढरट बारीक किडे चिकटलेले दिसले. भुंगा आजारी आहे का?

नाही. कित्येक आशियाई जातींच्या मादीच्या पोटाच्या पुढच्या उतारावर, छातीकडच्या बाजूला, एक छोटी पिशवी असते आणि त्यात कोळीकिडे राहतात. ही पिशवी त्यांच्यासाठीच असते. मादी नव्या बिळात गेली की तेही सोबत जातात. भुंग्याला त्यांचा उपद्रव होताना दिसत नाही आणि तुमच्या घरात ते पसरणार नाहीत.

खरंच दुर्मिळ म्हणावा असा भुंगा आपल्या भागात आहे का?

आहे, आणि तो पाहायला मुंबईपासून फार लांब जावं लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकरच्या जंगलात झायलोकोपा ट्रान्क्वेबारिका ही जात राहते. ही पूर्णपणे निशाचर आहे. संधिप्रकाशात किंवा चांदण्यात उडणाऱ्या माश्या इतरही आहेत, पण ही चंद्र नसलेल्या रात्रीही उडते. संशोधकांनी तिची परीक्षा घेतली तेव्हा नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात तिने घरट्याजवळची खूण रंगावरून ओळखली. आपल्याला त्या उजेडात सगळं करडं दिसतं. तिचे मोठे डोळे आणि कपाळावरचे तीन फुगीर साधे डोळे, दोन्ही दिवसा उडणाऱ्या बहिणींपेक्षा मोठे आहेत.

त्याच जंगलात तीन जातींनी दिवस वाटून घेतलाय: ल्यूकोथोरॅक्स दिवसा, टेनुइस्कापा दिवसा आणि अधूनमधून संधिप्रकाशात व चांदण्यात, ट्रान्क्वेबारिका रात्री. वारस या झाडाची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात आणि त्यांचं परागीभवन टेनुइस्कापा करते, हे भीमाशंकरलाच अभ्यासलं गेलं. रात्रीच्या फुलांचं श्रेय आपण वटवाघळांना आणि पतंगांना देऊन मोकळे होतो. त्यात भुंग्याचाही वाटा आहे.

‘बम्बलबी नामशेष होतोय’ ही बातमी मग कशाची?

परदेशातल्या काही जातींची. अमेरिकेत कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या सीमेवर राहणारा फ्रँकलिनचा बम्बलबी २००६ नंतर कोणाला दिसलेला नाही. पाठीवर गंजाच्या रंगाचा डाग असलेल्या बॉम्बस अफिनिस या जातीला २०१७ साली तिथे कायद्याने संकटग्रस्त ठरवलं. दक्षिण अमेरिकेतला बॉम्बस डालबोमी हा जगातला सगळ्यात मोठा बम्बलबी. शेतीसाठी युरोपातून आणलेल्या बम्बलबीनंतर त्याची संख्या झपाट्याने घसरली.

आपल्या भुंग्याची अडचण वेगळी आहे. त्याला वाळकं लाकूड लागतं आणि शहराला वाळकं लाकूड खपत नाही. लाकडी कठड्यांच्या आणि तुळयांच्या चाळी जाऊन काँक्रीट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. पावसाळ्याआधी सुकलेल्या फांद्या उतरवल्या जातात. रस्त्यावरच्या झाडांच्या बाबतीत ते योग्यच आहे, पण सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातला, कोणाच्या डोक्यावर न पडणारा वाळका ओंडकाही ‘स्वच्छता’ म्हणून उचलला जातो. फुलं राहतात, घर जातं.

दाराच्या चौकटीत भोक पाडलंय. काय करू?

आधी घर रिकामं आहे का ते बघा. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी सैल गुंडाळून भोकात सरकवा आणि तीन-चार उन्हाचे दिवस थांबा. पट्टी बाहेर पडली तर आत कुणीतरी आहे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. पट्टी जागची हलली नाही, ताजा भुसा नाही, आवाज नाही, की काम सुरू करा.

तारेने आतला चुरा खरवडून काढा. भोकाच्या मापाची लाकडी खुंटी करून तिला फेव्हिकॉल लावा आणि ठोकून बसवा. एक रात्र सुकू द्या. वर लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश पेपर मारा, प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. चौकटीची खालची बाजू आणि कापलेली टोकं विसरू नका. मादी नेमकी तिथेच सुरुवात करते, कारण रंगारी तिथे ब्रश फिरवत नाही.

चुकतं कुठे? नुसती लांबी भरली की ती आकसते आणि मादी ती सहज उकरते. आत भुंगे असताना बुजवलं तर ते दुसरीकडून भोक पाडून बाहेर येतात, म्हणजे एकाची दोन भोकं. जुलैत रंग काढला तर ओलसर लाकडावर तो धरत नाही. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावं. आणि कीटकनाशक फवारलं तर ही मादी मरते, पण तयार बोगदा तसाच राहतो आणि पुढच्या हंगामात दुसरी त्यात शिरते. म्हणून पेस्ट कंट्रोलवर पैसे घालवू नका म्हटलं.

जाड तुळईत एक-दोन भोकं असतील तर इमारतीला धोका नाही. बारीक कठड्यात वर्षानुवर्षं बोगदे वाढत गेले असतील तर सुताराकडून तो तुकडा बदलून घ्या.

परांचीच्या बांबूत भुंगे शिरलेत आणि दुरुस्तीचं काम संपत आलंय.

हे मुंबईत नेहमी होतं. शक्य असेल तर तेवढा बांबू शेवटी उतरवा. नाहीच जमलं तर अंधार पडल्यावर, सगळे आत असताना, तोंडात कापडाचा सैल बोळा बसवा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंची गाठ धरून तुकडा कापा. आडवाच ठेवून जवळच्या झाडाला किंवा कुंपणाला, जमेल तितक्या उंचीवर, तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवून घट्ट बांधा. बोळा उजाडायच्या आधी काढायला विसरू नका. उभा धरून आपटत नेला तर आतल्या चकत्या तुटतात आणि अळ्या लाडवावरून घसरून मरतात.

भुंग्यांसाठी गॅलरीत किंवा सोसायटीत घर कसं करायचं?

बांबू वाळलेला घ्या. हिरवा तडकतो आणि त्याला बुरशी येते. गणपती उतरल्यावर मांडववाल्यांकडे उरलेले तुकडे मिळतात. आतली पोकळी १२ ते १५ मिलिमीटर, लांबी २० ते २५ सेंटिमीटर, मागच्या टोकाला गाठ शाबूत. हॅकसॉने कापा, कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. असे सहा-आठ तुकडे काथ्याने बांधून आडवे बसवा, तोंड किंचित खाली झुकलेलं, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

मोठ्या काळ्या जातींना लाकूडच हवं. आंब्याचा किंवा गुलमोहराचा वाळका ओंडका, १२ ते १५ सेंटिमीटर जाड, अर्धा मीटर लांब, रंग-पॉलिश काही न लावलेला. ड्रिलच्या १२ मिलिमीटरच्या बिटने दोन-तीन ठिकाणी फक्त २ सेंटिमीटर खोल भोक पाडून ठेवा. पुढचं मादीच बघते.

जागा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच, स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या खाली, पूर्वेकडे तोंड. मुंबईचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला लावलेलं घर पहिल्याच जूनमध्ये भिजून जातं. लोंबकळत ठेवू नका. हलणाऱ्या घरात मादी येत नाही. मुंग्या चढत असतील तर बांधायच्या तारेवर व्हॅसलिन फासा. जवळपास फुलं नसतील तर घर रिकामंच राहील, आणि असली तरी पहिला हंगाम वाट बघायची तयारी ठेवा.

जमिनीवर पडलेला, न उडणारा भुंगा सापडला.

पावसात भिजलेला किंवा गारठलेला असेल तर उडण्याआधी त्याला छातीचे स्नायू थरथरवून तापवावे लागतात, त्याला वेळ लागतो. कागदावर उचलून कोरड्या, कोवळ्या उन्हाच्या जागी ठेवा. एक चमचा साखर दोन चमचे पाण्यात विरघळवून दोन थेंब तोंडासमोर ठेवा. अंगावर ओतू नका, पंख चिकटतात. पंखांच्या कडा झिजून फाटलेल्या असतील तर तो म्हातारा झालाय. त्याला झाडाखाली ठेवणं एवढंच हातात आहे.

पावसाळ्यात कुठे जातो? शत्रू कोण?

झडीत बिळातच बसून राहतो, उघडीप मिळाली की बाहेर येतो. वेडा राघू त्याला हवेत पकडतो, सुतारपक्षी फांदी फोडून अळ्या खातो, आणि हिंग्यांच्या कुळातले काही भुंगेरे त्याच्याच बिळात वाढतात.

शहरात कुठे आणि केव्हा बघायला मिळेल?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे, माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, भायखळ्याची राणीबाग. सकाळी सात ते दहा उत्तम. भर दुपारी तो ऊन टाळतो. एप्रिल-मेमध्ये फुललेल्या बहाव्याखाली दहा मिनिटं उभं राहिलात तरी आधी आवाज, मग भुंगा. राष्ट्रीय उद्यानातून किडा, घरटं, अगदी वाळकी फांदीही उचलून आणू नका.

जात ओळखून हवी असेल तर फोटो कसा काढावा?

एक वरून, छाती आणि पोट दोन्ही स्पष्ट दिसतील असा. एक बाजूने, मागचे पाय दिसतील असा. एक समोरून, चेहरा आणि डोळे दिसतील असा. शेजारी माप कळेल असं काहीतरी हवं. फूल किंवा पान ओळखीचं असेल तरी चालतं. फूल कोणतं, वेळ काय आणि तो घरट्याशी होता की फुलावर हे लिहून ठेवा. उडताना काढलेला एकच धूसर फोटो असेल तर ‘झायलोकोपा, जात नक्की नाही’ एवढं नोंदवणंच बरोबर.